भूमिका बदलल्या, हिस्सा कुठे आहे? पुनावळ्याच्या सातबाऱ्यापासून आत्मकथनांपर्यंत

पुनावळे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आलं. आज बायपासवरून जाताना दिसतात ते टॉवर, बांधकामाच्या क्रेन आणि नव्या प्रकल्पांचे फलक. शेजारी ताथवडे, वाकड आणि रावेत, थोडं पुढे हिंजवडीचं आयटी पार्क. सकाळी इथून कंपनीच्या बसमध्ये चढणाऱ्या तरुणी आहेत, चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर जाणाऱ्या बायका आहेत, सोसायटीच्या गेटवर नोंद करून धुणीभांडी करायला आत जाणाऱ्या मावशी आहेत आणि पहाटेच कचरा वेगळा करायला बसलेल्या बायकाही आहेत.

हे दृश्य दाखवून आम्हाला नेहमी विचारलं जातं, "आता स्त्रियांना काय कमी आहे? मुली शिकल्या, कमावू लागल्या, गाड्या चालवू लागल्या. तुम्ही अजून मनुस्मृतीच काढून बसता!" प्रश्न प्रामाणिक असेल तर त्याला प्रामाणिक उत्तर दिलं पाहिजे. आमचं उत्तर असं : स्त्रीची भूमिका बदलली हे खरं आहे, पण हिस्सा बदलला का ते तपासा. जमिनीतला, घरातला, मजुरीतला, चळवळीतला आणि साहित्यातला हिस्सा. भूमिका दुसऱ्याने वाटून दिलेली असू शकते. हिस्सा मात्र हक्काने घ्यावा लागतो.

जात टिकते ती स्त्रीवरच्या पहाऱ्याने

आपल्यापैकी अनेकांना वाटतं की जातीचा प्रश्न वेगळा आणि स्त्रीचा प्रश्न वेगळा. बाबासाहेबांनी ही समजूत ९ मे १९१६ रोजीच खोडून काढली. कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात त्यांनी दाखवलं की जातीचा प्राण जातीअंतर्गत विवाहात आहे. जातीची भिंत टिकवायची तर जातीतल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला आणि बायको उरली, तर ती जास्तीची ठरते. मग तिला जाळा, नाही तर आयुष्यभर विधवा ठेवा. बायको मेली आणि नवरा उरला, तर त्याच्यासाठी खालच्या वयातली मुलगी आणा. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी अशा रीतीने जातीच्या कारखान्याची यंत्रं ठरतात.

तेव्हा बाबासाहेब पंचविशीत होते. ज्याला आज विद्यापीठात 'ब्राह्मणी पितृसत्ता' म्हणतात त्याची मांडणी त्यांनी शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी केली. म्हणून आंबेडकरी माणसाला स्त्रीप्रश्न हा 'नंतर बघू' असा विषय करता येत नाही. मुलीच्या लग्नावर पहारा बसवणारा बाप, मग तो कोणत्याही जातीचा असो आणि घरात कोणाचाही फोटो लावलेला असो, जातीच्या भिंतीला वीट लावत असतो.

इंद्रायणीकाठची लेखणी

स्त्रियांनी हे सगळं मुकाट्याने सोसलं, हाही एक पसरवलेला समज आहे. चोखोबांच्या घरातल्या सोयराबाई आणि निर्मळा यांनी अभंग लिहिले. देह विटाळलेला असेल तर विटाळ नसलेला देह दाखवा, असा सोयराबाईंचा रोख आहे. अस्पृश्य म्हणून जातीचा आणि बाई म्हणून पाळीचा, असे दोन विटाळ ज्यांच्या कपाळी मारले होते, त्यांच्यापैकी एकीने चौदाव्या शतकात विटाळाच्या मुळालाच हात घातला.

सतराव्या शतकात बहिणाबाई होऊन गेल्या. ही ब्राह्मण घरातली बाई. लहान वयात थोराड माणसाशी लग्न लावलेलं. तिने शूद्र तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्याने तिला मारझोड केली. ती देहूला आली आणि तिने दोन मोठी कामं केली. स्वतःच्या आयुष्याची कहाणी अभंगातून सांगितली. मराठी स्त्रीने स्वतःबद्दल लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या लेखनात तिचा समावेश होतो. आणि जन्मावरून ब्राह्मण्य ठरत नाही असं सांगणारी 'वज्रसूची' मराठी अभंगांत आणली. परंपरेने ही वज्रसूची बौद्ध पंडित अश्वघोषांच्या नावावर आहे. म्हणजे बुद्धाच्या परंपरेशी जोडलेला जातीविरोधी युक्तिवाद देहूच्या परिसरात एका स्त्रीच्या लेखणीतून मराठीत उतरला. देहूला जाणाऱ्या किती जणांना हे सांगितलं जातं?

याच देहूच्या नावाचं देहूरोड पुनावळ्यापासून काही किलोमीटरवर आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. तारीख नीट पाहा. सत्तावीस वर्षांपूर्वी, २५ डिसेंबर १९२७ ला, महाडला मनुस्मृतीचं दहन झालं होतं. आज आपण ती तारीख भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतो. आपल्या भागातली धम्मभूमी आणि स्त्रीमुक्तीचा दिवस एकाच तारखेला येतात. दरवर्षी तिथे जाणाऱ्या तरुणांनी दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवायला हव्यात.

मुक्ताने विचारलेला जमिनीचा प्रश्न

१८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध छापून आला. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी ही मुलगी. आपण तिचं नाव घेतो ते बहुधा तिने धर्माला विचारलेल्या प्रश्नासाठी. पण त्या निबंधात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, मांग-महारांना त्यांच्या जागेवरून हाकलून त्यावर वरच्यांनी मोठमोठ्या इमारती बांधल्या, ही तक्रार. दुसरी, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या मांग-महार बायकांचं दुःख. जमीन आणि बाळंतपण! एका शाळकरी मुलीला कळलं होतं की दलित स्त्रीचा प्रश्न या दोन्ही टोकांना बांधलेला आहे.

सत्तावीस वर्षांनी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. निमित्त होतं सुरतेच्या एका विधवेला भ्रूणहत्येसाठी झालेल्या शिक्षेचं. बाईला दोष देणारा समाज पुरुषाला का सोडतो, हा त्यांचा सवाल होता. समाजाने त्यांच्यावर तोंडसुख घेतलं, तेव्हा जोतीराव त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे मराठी साहित्यात 'स्त्रीप्रश्न' म्हणून जे गाजलं ते मुख्यतः ब्राह्मण विधवेचं दुःख. ह. ना. आपट्यांच्या कादंबरीतली यमू सगळ्यांना माहीत झाली. तिचं दुःख खरंच होतं. पण मुक्ताने दाखवलेली, छपराशिवाय बाळंत होणारी बाई त्यानंतरच्या शंभर वर्षांत मुख्य प्रवाहाच्या पानावर कितीदा आली?

कायद्याने वाट अडवली आणि कायद्यानेच मोकळी केली

जमिनीचा इतिहास पाहा. वतनाच्या जमिनींबाबत मुंबई सरकारने १८८६ साली एक दुरुस्ती केली. तिच्यानुसार वतनदाराच्या घरातली बाई, शेवटच्या पुरुष मालकाची विधवा यांसारखे अपवाद वगळता, वारसाहक्कात सगळ्या पुरुष वारसांच्या मागे टाकली गेली. म्हणजे महार वतनाची राबणूक घरातल्या बाईच्या वाट्याला होती, पण वतनाच्या जमिनीवर मुलीचा दावा पुरुषांची रांग संपल्यावर. बाबासाहेब १९२८ पासून वतनाच्या गुलामीविरुद्ध कायदेमंडळात लढले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द झाली आणि जमिनी नव्या शर्तीवर परत देण्याची तरतूद आली. जुन्या मालकीत बाईचं नाव नव्हतं, मग नव्या नोंदीत ते कुठून येणार?

एप्रिल १९४७ मध्ये हिंदू कोड बिल मांडलं गेलं. आधीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा होता. बाबासाहेबांच्या हाताखालून गेल्यावर तो बरोबरीचा झाला. सनातन्यांनी रान उठवलं, बिल रखडलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. भारताच्या पहिल्या कायदामंत्र्याने खुर्ची सोडण्याच्या कारणांत स्त्रियांच्या हक्काचं हे बिल होतं, ही गोष्ट प्रत्येक आंबेडकरी मुलाला पाठ असली पाहिजे.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने काही दिलं, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क पुरुषालाच ठेवला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला सहदायाद केलं, मात्र कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीने मुलगी जन्मतः मुलाच्या बरोबरीची वारस झाली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे, हेही आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतं. बिल मांडलं गेल्यापासून मुलीला हा हक्क मिळेपर्यंत अठ्ठावन्न वर्षं गेली.

आता या तारखा पुनावळ्यावर ठेवून बघा. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या विक्रीला आणि नोंदणीकृत वाटपाला २००५ चा कायदा हात लावत नाही. १९९७ ते २००४ हा तर गाव शहरात येण्याचा काळ. त्या वर्षांत ज्या घरांनी जमिनी विकल्या, त्या घरांतल्या १९९४ पूर्वी लग्न झालेल्या लेकी दोन्ही कायद्यांच्या फटीतून खाली पडल्या. जमिनीला सोन्याचा भाव आला तेव्हा लेक पाहुणी होती. कायद्याने तिला घरची केलं तेव्हा जमीन परक्याची झाली होती.

हक्कसोड : प्रेमाच्या नावाने घेतलेली सही

२००५ नंतर तरी काय झालं? कायदा आला तसं 'हक्कसोड पत्र' घरोघर आलं. बिल्डरच्या वकिलाला वारसांची अडचण नको असते. मग बहिणींना निरोप जातो. दुय्यम निबंधक कार्यालयात सगळ्या येतात, अंगठे आणि फोटो होतात, जेवण होतं, साडीचोळी होते. या परिसरात राहणाऱ्या कोणालाही हे नवीन नाही. सही का केली असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "माहेर तुटलं असतं."

आम्ही विचारतो, हिस्सा सोडल्यावरच टिकणाऱ्या नात्याला माहेर म्हणायचं का? भावाने हिस्सा घेतला तर त्याचं घर तुटत नाही. बहिणीने मागितला तर का तुटावं? 'लग्नात दिलं की' असा दुसरा बचाव असतो. लग्नात दिलेलं जातं सासरच्या ताब्यात, आणि हुंडा १९६१ पासून कायद्याने गुन्हा आहे. गुन्ह्याची रक्कम हक्काच्या हिशोबात वळती करता येत नाही.

नव्या फ्लॅटचीही एक गोष्ट आहे. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्यामुळे अनेक घरं बायकोच्या नावावर होतात. स्वागत आहे. पण त्या घराची कागदपत्रं कुठे ठेवली आहेत, कर्ज कधी फिटणार, हे तिला ठाऊक आहे का? सवलतीपुरतं नाव आणि मालकीचं नाव यांत फरक असतो, तो घरात भांडण झालं की लगेच कळतो.

ज्यांच्याकडे सोडायलाही काही नाही

इथे थांबलो तर आपणही वरच्या जातींचाच स्त्रीवाद सांगत बसू. कारण हक्कसोड करायला आधी हक्काची जमीन लागते. १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने बायकोच्या नावावर जमीन करण्याची 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम चालवली. चांगलं काम होतं. पण ज्या घरात जमीनच नाही, त्या घरातल्या लक्ष्मीचं काय? त्या प्रश्नाला कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांत हात घातला. त्या लढ्यात हजारो स्त्रिया लेकरं काखेत घेऊन तुरुंगात गेल्या. तो इतिहास शाळेच्या पुस्तकात नाही.

त्या भूमिहीनांच्या नाती-पणती आज पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्यांत काम करतात. मराठवाडा-विदर्भातून दुष्काळाने हाकललेली कुटुंबं इथे आली. बाप्ये बांधकामावर आणि गोदामात, बायका धुण्याभांड्यावर, झाडलोटीवर आणि कचऱ्यावर. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा कचरावेचकांत बहुसंख्य दलित स्त्रिया होत्या. आजही आहेत. पुनावळ्यात कचरा डेपोच्या आरक्षणाविरुद्ध २०२३ मध्ये रहिवासी रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं रास्त होतं. पण कचरा कुठे टाकायचा यावर एवढी चर्चा होत असताना तो रोज कोण उचलतं, कोणत्या जातीची बाई उचलते, तिला हातमोजे आणि पगारी रजा आहे का, यावर किती बोललं गेलं? नोकरी बदलली, गाव बदललं, पण घाणीचं काम ज्या जातीकडे होतं तिच्याकडेच राहिलं. यालाच आम्ही भूमिका बदलून हिस्सा न बदलणं म्हणतो.

आता २० जुलै १९४२ चं नागपूर आठवा. अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, समोर हजारो स्त्रिया. त्यांनी ठराव केले : घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद करा, कामगार स्त्रीला पगारी रजा आणि इजा झाल्यास भरपाई द्या. हिंदू कोड बिल मांडलं जाण्याच्या पाच वर्षं आधी दलित स्त्रिया हे मागत होत्या! त्याआधी, १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये कायदा झाला. आज कायद्याने सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. आयटी कंपनीतल्या आमच्या भगिनींना ती मिळते. तिच्या घरी पोळ्या करणाऱ्या मावशींना बाळंतपणात काय मिळतं? बहुतेकदा बदली बाई ठेवली जाते आणि काम जातं. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे, पण नोंदणी नसेल तर तो कागदच राहतो. चाकणच्या कंत्राटी कामगार स्त्रीलाही मागच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलं असेल तर या रजेचा हक्क आहे. तिला हे सांगणारं कोणी आहे का?

घरातल्या अंधाराबद्दल ज्या बोलल्या

साहित्याने या बाईला कसं पाहिलं? दलित साहित्याने साठच्या दशकानंतर मराठी भाषा हादरवली, यात शंका नाही. पण त्यात स्त्री बहुतेकदा सोसणारी आई म्हणून किंवा अत्याचार झालेली बाई म्हणून आली. स्वतःच्या तोंडाने ती बोलली ती आत्मकथनांतून. कुमुद पावडेंचं 'अंतःस्फोट' १९८१ चं. संस्कृतमध्ये एम. ए. झालेल्या या बाईला नोकरी मिळेना. आंतरजातीय लग्नानंतर आडनाव बदललं आणि दार उघडलं, हा त्यांचा अनुभव. शांताबाई कांबळे यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' आणि बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आलं. पुढे शांताबाई दाणींचं 'रात्रंदिन आम्हा' आणि २००३ मध्ये उर्मिला पवारांचं 'आयदान'.

बेबीताईंनी महारवाड्यातली भूक आणि गावाने केलेला अपमान लिहिला, तसंच महारवाड्यातल्या सुनेचे हालही लिहिले : सासूचा छळ, नवऱ्याचा मार, संशयावरून नाक कापण्यापर्यंत गेलेली क्रूरता. आणि हे लिखाण त्यांनी वीस वर्षं घरातल्यांपासून लपवून ठेवलं. फलटणच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना लिहायचं आणि अडगळीत दडवायचं. बाबासाहेबांना दैवत मानणाऱ्या घरात एका बाईला आपली वही लपवावी लागली, ही बोच आपण पचवून टाकता कामा नये. मल्लिका अमरशेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' १९८४ मध्ये आलं, तेव्हाही चळवळीत अनेकांना ते गैरसोयीचं वाटलं. 'घरातलं बाहेर कशाला?' हा सवाल तेव्हाही होता, आजही आहे.

त्याला उत्तर असं : मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' लिहून दाखवून दिलं की महाडपासून धर्मांतरापर्यंत स्त्रिया प्रत्येक लढ्यात होत्या. ज्यांनी लढा उभा केला त्यांना घरातल्या अन्यायाबद्दल बोलण्याचा अधिकार नाही, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? १९९५ मध्ये प्रा. गोपाळ गुरू यांनी आणि पुढे पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी मांडलं की दलित स्त्री दोन आघाड्यांवर बोलते : सवर्ण स्त्रीवाद तिची जात विसरतो आणि दलित राजकारण तिचं बाईपण विसरतं. तिचं बोलणं ऐकल्याने चळवळ फुटत नाही. न ऐकल्याने ती अर्धी राहते.

मग करायचं काय?

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. जात ओळखू येईल असं लुगडं नेसू नका, मुलींना मुलांइतकंच शिकवा, दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला जेवू घालू नका, असं सांगितलं. बायकांनी त्याच रात्रीपासून लुगडं नेसण्याची पद्धत बदलली. भाषण ऐकून टाळ्या वाजवणं आणि वागणूक बदलणं यातला फरक त्यांना कळला होता. आपणही चार गोष्टी ठरवू या.

पहिली : आपल्या घरात वारस नोंद करताना लेकीबहिणींची नावं लावायची, आणि हक्कसोडीवर सही घेणाऱ्या भावांत आंबेडकरी तरुण असता कामा नये. दुसरी : घरेलू कामगार, कचरावेचक आणि कंत्राटी कामगार स्त्रियांची नोंदणी, रजा आणि तक्रार यांची माहिती प्रत्येक विहारात मिळाली पाहिजे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे, तिच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, हे तिला ठाऊक हवं. तिसरी : जयंती मंडळात स्त्रिया गाण्यापुरत्या आणि पुरणपोळीपुरत्या नकोत. खजिना, हिशोब आणि निर्णय त्यांच्या हातात हवेत. चौथी : विहारात महिन्यातून एकदा एका बाईचं आत्मकथन वाचायचं, आणि वाचल्यावर पुरुषांनी गप्प बसून बायकांचं ऐकायचं.

समाजाची प्रगती आपण त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असं बाबासाहेब नागपूरच्या त्या परिषदेत म्हणाले होते. ती मोजपट्टी पुनावळ्याच्या टॉवरला लावून बघा, आणि मग स्वतःच्या घरालाही लावा. मुक्ता साळवेने १८५५ मध्ये विचारलेला जमिनीचा आणि छपराचा प्रश्न अजून सातबाऱ्यावर उत्तराची वाट पाहतो आहे.

जय भीम! जय सावित्री! जय मुक्ता!